आईंची स्क्रीन, पूर्वीसारखी

सासूबाई दवाखान्यातून घरी आल्या, तेव्हा नवऱ्याने त्यांच्या टेबलावर नवा कॉम्प्युटर मांडून ठेवला होता. जुन्याने त्या आजारी असतानाच मान टाकली होती. नवरा खूश. नवी स्क्रीन दरवाजाएवढी रुंद, डबा पुस्तकाएवढा, आवाज म्हणून नाही. तो म्हणाला, "आई, आता तू आणि तुझं भरतकाम. रॉकेट आहे रॉकेट!"

आई खुर्चीत बसल्या, माऊसवर हात ठेवला, आणि थोड्या वेळाने उठल्या. "छान आहे रे," म्हणाल्या आणि जाऊन पडल्या.

मी त्यांच्याकडे बघत होते. मूल झाल्यापासून माझी नजर अशीच झाली आहे. बटण ढबूच्या तोंडात जाण्याआधी मला ते जमिनीवर दिसतं. ढबू म्हणजे आमची लेक, तेव्हा रांगायला लागली होती. झोपेत तिचा श्वास चालू आहे का, हे बघायला मी अजूनही उठते. नवरा म्हणतो, तुला चौकीदाराची नोकरी द्यायला हवी. द्या म्हणावं. पण त्या दिवशी आईंचा हात मला नीट दिसला. माऊस धरून तो सरळ डाव्या खालच्या कोपऱ्यात गेला. तिथे काहीच नव्हतं. नव्या कॉम्प्युटरमध्ये सगळी बटणं खालच्या पट्टीच्या मधोमध गोळा होऊन बसली होती. हात कोपऱ्यात जरासा घुटमळला आणि परत आला. अंधारात पायरी चुकल्यावर पाय जसा परत येतो ना, तसा.

आईंचं काम काय, ते सांगायला हवं. शाळेच्या खिशावरचा बिल्ला, टोपीवरचं चिन्ह, शर्टावरचं कंपनीचं नाव हे सगळं मशीन भरतं, पण मशीनला डोकं नसतं. सुई कुठून शिरायची, कुठे वळायची, कुठे दाट, कुठे विरळ, हे आधी कोणीतरी कॉम्प्युटरवर टाका-टाका मांडून द्यावं लागतं. आई ते देत. तरुणपणी त्या हाताने भरत असत. कारखान्यात मशीन आलं तेव्हा बरोबरीच्या बायका घरी बसल्या, आणि आई नातवंडं खेळवण्याच्या वयात कॉम्प्युटर शिकल्या. कारखाना चालवणाऱ्या बाईंना आम्ही युनिफॉर्मवाल्या बाई म्हणतो. त्या सांगतात, ह्यांनी मांडलेला पोपट आत्ता चोच मारेल असं वाटतं.

तर आईंच्या मेंदूत रक्ताची छोटीशी गुठळी झाली होती. वेळेवर नेलं म्हणून निभावलं. हात चालत होता, पाय चालत होते, आणि जीभ तर विचारूच नका. डॉक्टरांनी नाव लिहायला सांगितलं, तर आईंनी मोत्यासारख्या अक्षरात सगळं नाव लिहून खाली तारीख टाकली. आम्ही हुश्श केलं.

पण कामाला त्या बसेनात. बसल्या की डोकं दुखे. नणंदेचा, म्हणजे ताईंचा, रोज फोन. "अगं, पुरे झालं तिचं आता. आयुष्यभर डोळे फोडले. या रविवारी येते मी आणि तिला घेऊनच जाते. माझ्याकडे गच्ची आहे, टीव्ही आहे, हाताखाली बाई आहे."

फोन ठेवल्यावर आई म्हणाल्या, "सगळं आहे तिच्याकडे. मला करायला तेवढं काही नाही."

त्याच आठवड्यात युनिफॉर्मवाल्या बाईंचाही निरोप आला. नव्या शाळेचं मोठं काम होतं. शनिवारी सकाळी त्या स्वतः येऊन बघणार होत्या. जमत असेल तर काम आईंचं, नाहीतर दुसरीकडे द्यावं लागेल. त्यांचंही खरंच होतं. शाळा उघडायची थांबत नाही.

शनिवार आणि रविवार. एका दिवशी काम जाणार, दुसऱ्या दिवशी आई जाणार. मला ते लख्ख दिसत होतं आणि घरात बाकी कोणाला दिसत नव्हतं. नवऱ्याचं एकच पालुपद, "होईल गं सवय. सगळ्यांनाच होते."

मला वाटलं, डोळे. मी स्क्रीनवरचं सगळं मोठं केलं. अक्षरं मोठी, चित्रं मोठी, बाणसुद्धा वांग्याएवढा. आईंना बोलावून मोठ्या ऐटीत दाखवलं. त्यांनी बघितलं, आणि त्यांचा चेहरा आणखी उतरला.

"हे काय केलंस?"

"नीट दिसावं म्हणून, आई."

"मी आंधळी नाही गं. हत्ती जवळ आणला म्हणून ओळखीचा होतो का?"

 पण दुसऱ्या दिवशी त्या जिद्दीने बसल्या. सकाळभर बसल्या. एका टोपीवरचं पान पूर्ण केलं, शिरांसकट. मी ढबूला भरवता भरवता दारातून बघत होते. काम संपलं, त्यांनी ते बंद केलं, मध्ये नेहमीची छोटी चौकट आली: जतन करायचं का? आईंनी डावीकडचं बटण दाबलं आणि समाधानाने मागे टेकल्या. मी आत गेले तर पान नाही. कुठेच नाही. नव्या आवृत्तीत बटणांची अदलाबदल झाली होती. 'येस' उजवीकडे गेलं होतं, डावीकडे 'नो' आलं होतं.

"आई, त्यावर नो लिहिलंय की," मी बोलून गेले. एवढ्या मोठ्या अक्षरात, मीच तर मोठी केली होती.

आईंनी मान फिरवली. मग खिडकीकडे बघत हळू म्हणाल्या, "ते मला दिसतं गं. कळत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे अक्षर दिसतं. काळं, वेडंवाकडं, मुंग्या बसल्यासारखं. पण ते काही बोलतच नाही माझ्याशी. दवाखान्यातून आल्यापासून. पेपर, औषधाची बाटली, सगळंच."

"पण तुम्ही तर लिहिता!"

"लिहिते. हाताला येतं. लिहून झालं की मलाच वाचता येत नाही." त्या माझ्याकडे वळल्या. "ताईला सांगू नकोस. ती रविवारची वाट बघायची नाही, आजच गाडी घेऊन येईल."

मी ताईंना सांगितलं नाही, पण डॉक्टरांना सांगितलं, त्याच दुपारी, आईंना रिक्षात घालून, ढबूला कडेवर घेऊन. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, अशा झटक्यानंतर असं होतं. लिहिणं राहतं, वाचणं जातं. गेलेलं परत येऊ शकतं, वेळ लागेल. रंग, आकार, जागा हे सगळं त्यांचं शाबूत आहे. "काम करू दे का?" मी विचारलं. ते म्हणाले, "झेपेल तेवढं जरूर करू द्या. दमल्या की थांबवा."

रिक्षात आई म्हणाल्या, "बघ, बुद्धी शाबूत आहे म्हणाले."

"जागा म्हणाले, आई."

"तेच ते."

आणि मला तिथेच, रिक्षात, सगळं उलगडलं. आई कधीच वाचून काम करत नव्हत्या. एवढी वर्षं झाल्यावर कोण वाचतं? स्वयंपाकघरात मी मिठाचा डबा वाचून उचलते का? हात जातो. त्यांचा हातसुद्धा असाच जात होता, आणि आपण मायेपोटी त्यांचं सगळं स्वयंपाकघर उलटंपालटं करून ठेवलं होतं. वर डबे मोठे केले होते!

घरी आल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं आणि म्हटलं, "मला तो कॉम्प्युटर जुन्यासारखा करायचाय. हुबेहूब."

तो सुन्न होऊन ऐकत होता, तरी शेवटी म्हणालाच, "अगं, जुनं परत येत नसतं. कंपन्या येऊ देत नाहीत."

"आतलं नवंच राहू दे. चेहरा जुना हवाय."

"आणि आई कायम त्या जुन्यातच अडकून राहणार?"

"तू चष्मा लावतोस ना? अडकलायस का त्याच्यात?"

त्याने चष्मा काढून पुसला. पण वादात जिंकून बटणं हलत नाहीत. मी शिकले वनस्पतीशास्त्र. पानांच्या शिरा मला सांगता येतात, कॉम्प्युटरच्या नाही. तरी ढबू झोपली की मी त्या यंत्रासमोर बसू लागले. खालच्या पट्टीवरची बटणं डावीकडे नेता येतात हे सापडलं. कोपऱ्यातली यादी जुन्या पद्धतीने उघडणारा एक छोटा प्रोग्राम लोकांनी बनवून ठेवलेला सापडला. खिडक्यांच्या कडांचा तो निळा रंग परत आणता आला. भरतकामाच्या प्रोग्राममध्येही 'जुनी मांडणी' अशी एक वाट, कुठेतरी आत, अडगळीत टाकल्यासारखी होती. ती निवडली आणि चौकटीतली बटणंसुद्धा अदलाबदल होऊन जागेवर आली. मी एकटीच टाळ्या वाजवणार होते, पण ढबू उठली असती.

मात्र पडद्यावरची दाबायची छोटी चित्रं नेमकी कुठे होती? तीस-चाळीस चित्रं पडद्यावर असायची. धाग्यांची, बिल्ल्यांची, टोप्यांची, कारखान्याला पाठवायची. त्यांच्या जागा कोणाला पाठ? शोधता शोधता एक फोटो मिळाला. ढबू पहिल्यांदा घरी आली त्या दिवशी आई तिला मांडीवर घेऊन ह्याच खुर्चीत बसल्या होत्या आणि मागे स्क्रीन चालू होती. फोटो मोठा करकरून बघितला. डावी रांग दिसत होती, वरची दिसत होती. मधला सगळा भाग ढबूच्या डोक्याने अडवला होता.

"तिचं डोकं तेव्हापासूनच मध्ये मध्ये," नवरा म्हणाला.

मी आईंना विचारलं, "टोप्यांचं चित्र कुठे होतं?"

"होतं ना, तिथेच."

"तिथे म्हणजे?"

त्यांनी नव्या पडद्यावर बोट धरलं, हलवलं, परत हलवलं. "अं... इकडे बहुतेक. नाही गं. तू विचारलंस की पळून जातं."

मी बाल्कनीत गेले. तिथे जुनी स्क्रीन भंगारवाल्याची वाट बघत पडली होती, चौकोनी, जाडजूड, वर धुळीचा थर. ती उचलून आत आणताना कमरेतून कळ निघाली. नवरा म्हणाला, "परत ते डबडं?" मी म्हटलं, "दुसरं टोक धर." त्याने धरलं. आम्ही ती पुसून आईंच्या टेबलावर ठेवली, बंदच. जुना माऊसही शोधून आणला.

"आई, आता मी काही विचारणार नाही. स्क्रीन बंद आहे. ते परवाचं पान तुम्ही नव्याने करताय असं समजा आणि मला सांगत सांगत करा. जिथे दाबाल तिथे बोट टेकवा, बस."

"बंद पडद्यावर? भातुकली खेळायची का मी तुझ्याबरोबर?"

"खेळा."

त्या बसल्या. आधी हसत होत्या. मग म्हणाल्या, "पहिल्यांदा टोप्या उघडायच्या," आणि बोट गेलं. मी तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावला. "मग हिरवा घ्यायचा, साधा नाही, थोडा पिवळ्याकडे झुकलेला." बोट गेलं. तुकडा. "मग कडेने धावदोरा, आधी आखून घ्यायचं, नाहीतर कापड खेचतं." तुकडा. "आतला टाका तिरका. तिरका का, तर उजेड पडला की पान जिवंत दिसतं. सरळ भरलंस तर ते पान नाही, पायपुसणं." तुकडा, तुकडा. बोलता बोलता त्या कधी कामातच गेल्या, त्यांना कळलं नाही. काळ्या काचेवर त्या पान भरत होत्या, शेवटच्या शिरेपर्यंत, आणि मी पांढऱ्या तुकड्यांनी त्यांच्या मागे मागे धावत होते. नवरा ढबूला घेऊन दारात उभा होता. ती तुकड्यांकडे झेपावत होती, तो तिला आवरत होता.

जुनी स्क्रीन नव्या डब्याला जोडायला पिन जुळेना. दुकानदाराने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी बैलगाडीला हेडलाईट मागत होते. "मॅडम, हे आता म्युझियममध्ये द्या."

"म्युझियमसाठीच हवंय," मी म्हटलं, "पिन द्या."

जोडली, चालू झाली. मग एकेक चित्र ओढत त्याच्या त्याच्या तुकड्याखाली नेऊन ठेवलं. आणि आई बसल्या. हात कोपऱ्यात गेला, तिथे बटण होतं. पण बाण प्रत्येक वेळी चित्राच्या पुढे निघून जात होता. "सगळं जागेवर आहे," त्या म्हणाल्या, "पण माझा हातच घसरतोय." मग मला उमजलं की माऊसचा वेग नवा होता. मी तो कमी केला. "अजून थोडा." कमी केला. "हं. आता माझा."

सगळं लागल्यावर मी त्या मांडणीची प्रत करून ठेवली. मी घाबरट आहे. घाबरट माणसं प्रती ठेवतात. ती फाईल दोनदा दाबली की सगळी चित्रं आपापल्या जागी परत यावीत, अशी सोय त्याच छोट्या प्रोग्राममध्ये होती. तिला चित्र कशाचं द्यायचं, हे मी आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "कात्रीचं दे. लाल मुठीची."

दोन दिवस त्या रोज थोडं थोडं बसल्या. दमल्या की मी उठवत होते. त्या कुरकुरत होत्या. कुरकुर ऐकून मला इतकं बरं वाटत होतं!

शनिवारी सकाळी ढबूची लस होती. मी पुढे ढकलणार होते. आईंनी डोळे वटारले. "पोरीची लस कोणी पुढे ढकलतं का? जा. मी काय स्क्रीनला खाणार आहे?" नवरा कामावर गेला होता. मी निघाले.

बालरोगतज्ज्ञांच्या बाहेरच्या खोलीत ही गर्दी. एक मूल रडायला लागलं की बाकीची सूर धरत होती. आमचा नंबर दोघांनंतर होता, तेवढ्यात फोन वाजला. आईंचा. त्यांचा फोन बटणांचा, साधा. पहिलं बटण दाबून धरलं की मला लागतो, हे मी त्यांना शिकवून ठेवलं होतं. त्यांनी ते आजवर एकदाही वापरलं नव्हतं. आई कोणाला हाक मारणाऱ्यांतल्या नाहीत. 

"आई? बरं वाटत नाहीये का?"

"मला काय झालंय? ह्याला झालंय. मी चालू केला तर गोल गोल फिरत बसला, मग बंद झाला, मग आपोआप चालू झाला, आणि आता बघते तर सगळं परत ते नवं. पट्टी मध्ये पळालीय. चित्रं रांगेत उभी केलीत शाळेतल्यासारखी. मागे कुठलासा डोंगर."

अपडेट. आजच, मेल्याला मुहूर्त मिळाला. "बाई कधी येणार?"

"निघाल्यात. त्यांचा फोन येऊन गेला."

मी डोळे मिटले. ढबू माझी ओढणी चघळत होती. "आई, घाबरू नका."

"मी कुठे घाबरलेय? तुझाच आवाज थरथरतोय."

"बरं. आधी पट्टी. पट्टीवर मोकळ्या जागी बाण न्या आणि माऊसचं उजवं बटण दाबा. काही आलं?"

"छोटी यादी आली. दोनच ओळी."

"खालची ओळ दाबा."

"दाबली. मोठी खिडकी उघडली. सगळ्या मुंग्याच मुंग्या."

"मुंग्यांकडे बघू नका. उजव्या कडेला काय काय दिसतं?"

"उजव्या कडेला... छोट्या गोळ्या आहेत, औषधाच्या कॅप्सूलसारख्या. काही निळ्या, काही पांढऱ्या."

"त्या नाहीत. खाली सरकत जा. एखादी छोटी चौकट दिसेल, तिच्यात खाली वाकलेला बाण."

"थांब. चाक फिरवते." तिकडे चाकाची टकटक. इकडे नर्सने आमच्या आधीचं नाव पुकारलं. "हां. दोन-तीन आहेत की गं अशा, काजव्याएवढ्या बाणाच्या."

"सगळ्यांत वरची दाबा. दोन ओळी येतील. त्यातली जी आत्ता निवडलेली नसेल ती दाबा."

"निवडलेली कशी कळणार?"

"तिच्या बाजूला छोटीशी उभी रेघ असेल, रंगीत."

"एका टाक्याएवढी. दिसली. दुसरी दाबते." तिकडे एकच टक.  "आली गं! पट्टी कोपऱ्यात आली. घसरतच आली."

मी मोठ्याने "आली!" म्हणाले, तर शेजारच्या आजोबांना वाटलं आमचा नंबर आला, ते पाय आवरून बसले.

"आता खिडकी बंद करा. चित्रांच्या रांगेत कात्री शोधा."

"शोधते. इथे सगळी एकसारखी निळी... हे ढगासारखं काय आणून ठेवलंय? आपलं नाही हे."

"ढगाला हात लावू नका."

"मी कशाला लावू त्याला."

"ढबू!" नर्सने पुकारलं. म्हणजे तिचं खरं नाव पुकारलं.  "आई, आमचा नंबर आला. तुम्ही फोन चालू ठेवा, मी एका हाताने..."

"अजिबात नाही. पोरीला सुई टोचताना तिला आईचे दोन्ही हात लागतात. तू जा. कात्री मी शोधते."

"पण कात्रीनंतर भरतकामाचा प्रोग्राम उघडून तिथेही बघायला लागेल, ती चौकट परत उलटी झाली असेल तर..."

"ती आधी तपासून घेईन. एक वाकडी रेघ मारीन आणि बंद करून बघीन. गेली तर गेली. रेघच जाईल. ठेव."

आणि त्यांनी फोन ठेवला. मला उत्तर द्यायला जागाच ठेवली नाही.

ढबू रडली, मी तिच्याहून जास्त रडवेली झाले, डॉक्टर म्हणाले आईलाच एखादी लस द्यायला हवी. रिक्षात सगळा रस्ता मला तो डावीकडचा 'नो' दिसत होता.

घरात शिरले तर युनिफॉर्मवाल्या बाई आईंच्या मागे खुर्ची घेऊन बसलेल्या. चहा तसाच गार झालेला. स्क्रीनवर मागे तो डोंगर तसाच होता, पण त्याच्यावर चित्रं आपापल्या जागी होती. आई एक पक्षी भरत होत्या, नव्या शाळेच्या बिल्ल्यावरचा. पंख पसरलेला. त्यांचा हात थांबत नव्हता. रंग घेतला, टाका तिरका केला, पिसांच्या टोकांना विरळ.

"डोंगर राहिला," मी कुजबुजले.

"राहू दे. बसलाय बिचारा एका जागी," आई वळूनही न बघता म्हणाल्या. बंद केलं. चौकट आली. डावं बटण. परत उघडलं. पक्षी होता.

बाई खुर्चीतून पुढे झुकल्या. "हात तोच आहे की हो. मला लोकांनी काय काय सांगितलं होतं." त्यांनी पिशवीतून कागद काढला आणि आईंसमोर धरला. "आता खाली हे शाळेचं नाव. गोलाईत."

मी पुढे झाले. मी पटकन वाचून टाकणार होते, सहज बोलल्यासारखं, बाईंना कळलंही नसतं. आईंनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. नको.

"बाई," त्या म्हणाल्या, "हे मला वाचता येत नाही. आजारपणात वाचणं गेलंय. येईल म्हणतात परत, कधी ते माहीत नाही."

बाईंचा कागद धरलेला हात तसाच राहिला. "मग नावाचं काय? माझ्या प्रत्येक बिल्ल्यावर नाव असतं. एक अक्षर चुकलं तर अख्ख्या शाळेचे खिसे उसवायला लागतील मला."

"लागतील," आई म्हणाल्या.

"तुमच्यासाठी मला वाईट वाटतं, पण..."

"वाईट नंतर वाटून घ्या. आधी हिला नाव म्हणायला सांगा." त्या माझ्याकडे वळल्या. "म्हण. सावकाश. कागद मला दाखवू नकोस."

मी ढबूला खांद्यावर घेऊन नाव म्हटलं. आईंनी माऊस धरला आणि स्क्रीनवर अक्षरं काढायला लागल्या. टाईप नाही केली, काढली, पूर्वी कापडावर पेन्सिलने आखायच्या तशी. वेलांटी, उकार, एक जोडाक्षरसुद्धा. प्रत्येक अक्षर गोलाईत बरोबर कलतं. शेवटच्या अक्षरावर रेघ ओढून त्या मागे सरकल्या.

"काय लिहिलंय मी?" त्यांनी बाईंना विचारलं. "मला सांगता येणार नाही. तुम्ही वाचा."

बाईंनी चष्मा लावला. कागद स्क्रीनशेजारी धरला. एकदा वाचलं, दुसऱ्यांदा बोट ठेवून वाचलं.  ढबूने नेमका तेव्हाच ढेकर दिला.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. मग थांबल्या. "पण दर वेळी तपासणार कोण?"

"मी," मी म्हटलं.

"तुम्ही ह्या पोरीच्या मागे धावणार की अक्षरं तपासणार?"

"हिला कमी समजू नका," आई म्हणाल्या. "हिच्या नजरेतून मुंगी सुटत नाही. आमचा जीव नकोसा करते."

बाई हसल्या, पण ताबडतोब हो म्हणाल्या नाहीत. गार चहा त्यांनी तसाच पिऊन टाकला. मग म्हणाल्या, "प्रत्येक डिझाईनमागे, तपासलं म्हणून मला सूनबाईंचा फोन आला पाहिजे. फोन नाही तर मशीन चालू नाही. आणि थोडं थोडं देईन. एकदम सगळं नाही." त्यांनी पिशवीतून कापडाचे नमुने काढून टेबलावर ठेवले. "हा निळा धुतल्यावर आटतो, जपून."

"आटणाऱ्याला टाके सैल," आई म्हणाल्या. "मला शिकवू नका."

बाई गेल्यावर मी म्हटलं, "आई, झोपा आता जरा. दमला असाल." त्या म्हणाल्या, "आधी फोन लाव ताईला." मी लावून दिला. तिकडून ताईंचं सुरू झालं असणार, कपडे किती घ्यायचे वगैरे. आई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "रविवारी ये गं, जरूर ये. पण भेटायला ये. मला काम आलंय... हो, बरं नाहीये तरीही. आणि काय बरं नाही ते आलीस की सांगते. आरडाओरडा करणार नसशील तर."

तिकडून आरडाओरडा सुरू झालेला मला इथपर्यंत ऐकू येत होता. आईंनी फोन कानापासून लांब धरला, संपेपर्यंत धरला, आणि ठेवला.

मला वाटलं, आता पडतील. पण त्या परत खुर्चीत बसल्या. ढबू माझ्या खांद्यावर झोपली होती, टोचलेला पाय गरम लागत होता. आईंनी स्क्रीनवर शाळेचं नाव मोठं केलं. पहिल्या अक्षरावर बोट टेकवलं आणि जिथून हाताने ते काढलं होतं तिथून, त्याच वळणाने, काचेवर गिरवत नेलं. परत गिरवलं. ओठ हलत होते.

मी सांगणार होते. तोंडावर आलेलं अक्षर मी गिळून टाकलं.

"थांब," त्या म्हणाल्या. बोट तिसऱ्यांदा फिरलं. "हे 'म' आहे. आहे ना?"

"आहे."

"मग तशी उभी काय राहतेस? ढबूला खाली ठेव आणि बस इथे. पुढचं मोठं आहे, वेळ लागेल."